दुष्काळात सरकारचे कर्तव्य कोठवर, आणि आपले कोठून?

समितीचा अहवाल व तपासलेला जमाखर्च या पुस्तिकेत स्वतंत्र छापला आहे. त्याच्या जोडीस हे विवेचन देण्याचे कारण एवढेच की, वर्गणीसाठी आम्ही पेठेत व गावोगावच्या वाड्यांत जातो तेव्हा दोन प्रश्न आम्हांस हटकून विचारण्यात येतात. पहिला असा की, आम्ही कर भरतो, दुष्काळाचे निवारण करणे हे सरकारचे काम आहे, मग त्याच कामासाठी पुन्हा वर्गणी कशाला? दुसरा प्रश्न उलट बाजूने येतो. तुम्ही लोकांकडून पैसा जमवून छावण्या व अन्नछत्रे उघडू लागलात, तर सरकारास आपले अंग काढून घेण्यास आयतीच सबब मिळणार नाही काय? हे प्रश्न विचारणारे गृहस्थ देण्यास नाखूष असतात, असा आमचा अनुभव नाही. त्यांस पै-पैचा हिशेब ठेवण्याची सवय आहे, आणि ज्या कामाचा धनी कोण हे ठरलेले नाही त्या कामात पैसा घालू नये, हे व्यवहाराचे सूत्र ते जाणतात. यास्तव त्यांस गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही.

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. दुष्काळात माणसे जगविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ते हळूहळू नियमांच्या व कायद्यांच्या शब्दांत बांधले गेले आहे. ते कर्तव्य समितीने आपल्या शिरावर घेऊ नये व आम्ही घेत नाही. परंतु हे नियम हलण्यास वेळ लागतो, आणि हलले म्हणजे ते प्रथम ज्याच्या नावे सातबारा आहे त्याच्या दारी जातात. नियम पोहोचेपर्यंतचे दिवस, आणि नियमांच्या वाटेवर न सापडणारी माणसे, एवढेच आमचे क्षेत्र होय. या क्षेत्रात काम करावयाचे तर निधी पावसाने दगा देण्यापूर्वी हाती असला पाहिजे. हे विनंतीपत्र मृगाच्या आधी आपल्या हाती देण्याचे कारण हेच.

धान्य असता उपवास का?

दुष्काळ म्हटला की रिकामी कोठारे डोळ्यांपुढे येतात. परंतु अनुभव असा की, पुष्कळदा गावाच्या बाजारात धान्य असते आणि त्याच गावात चूल थंड असते. पाऊस गेला की प्रथम शेतातील काम जाते. निंदणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही. अर्थात् ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याची मिळकत त्याच आठवड्यात बंद पडते. धान्याचा भाव त्यानंतर चढतो. एकीकडे हातात पैसा नाही व दुसरीकडे भाव चढता, या दोहोंच्या कैचीत मजूर व लहान कारागीर प्रथम सापडतात. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली हे कारण स्पष्ट नमूद केले होते. पुढे शंभर वर्षांनी, १९८१ साली, अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालचा दाखला घेऊन हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला.

यातून निघणारा सिद्धांत व्यापारी गृहस्थांस सांगण्याची गरज नाही. ज्या गावात गिऱ्हाइकाच्या हाती पैसा आहे त्या गावी माल आपोआप येतो. जेथे पैसा नाही तेथून तो निघून जातो. म्हणून दुष्काळात सरकारने प्रथम काय करावे, तर काम काढावे व मजुरी वेळेवर द्यावी. फुकट धान्य वाटणे हे ज्यांच्याने काम होत नाही अशा वृद्ध, आजारी व बाळंतिणींसाठी. आपल्या देशातील दुष्काळाच्या नियमांचा पाया एवढाच आहे.

आज परिस्थिती पालटली आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे शिधापत्रिकेवरील धान्य हा हक्क झाला आहे. पूर्वीच्या दुष्काळांत रस्त्यांच्या कडेला जी प्रेते दिसत, ती आता दिसत नाहीत. पण दुष्काळ त्यामुळे नाहीसा झालेला नाही. त्याने वाट बदलली. आता तो दावणीची गाय नेतो, मुलाची शाळा नेतो, सावकाराकडे नवे खाते उघडतो, आणि गावचे पाणी आटवितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूर शहरास रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपल्या स्मरणात असेलच. मनुष्य जिवंत राहतो, परंतु पुढील पाऊस पडेल तेव्हा शेत करण्याचे वा संसार मांडण्याचे साधन त्याच्यापाशी उरत नाही.

हे नियम झाले कसे?

दुष्काळात मदत मिळणे हा हक्क आहे, ही कल्पना सरकारने आपण होऊन दिलेली नाही. ती मागून घ्यावी लागली, आणि मागणाऱ्यांत आपला प्रांत पुढे होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर व हैदराबाद येथे अपरिमित हानी झाली. पुढील आयोगाच्या अंदाजाप्रमाणे एकट्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे अधिक मेली. त्या संकटात, जानेवारी १८७७ मध्ये, सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करून एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे, असा तो हिशेब होता. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले. मद्रासेस सरकारचेच आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास विरोध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने, तालुक्यातालुक्यांतून खरी माहिती मागवून ती सरकारापुढे वारंवार मांडली.

१८८० च्या आयोगाचा अहवाल व १८८३ ची नमुना-दुष्काळसंहिता ही या आपत्तीनंतरची फळे होत. तीवरून प्रांतोप्रांती संहिता तयार झाल्या. कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे अधिकाऱ्याने सावध व्हावे, परीक्षणासाठी कामे केव्हा काढावी, मजुरी किती द्यावी, महसूल केव्हा तहकूब करावा, हे सर्व तीत कलमवार लिहिलेले होते. परंतु कागदावरील कलम रयतेस ठाऊक नसेल तर ते नसल्यासारखेच. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या प्रतिनिधींनी गावोगाव जाऊन, व बाळ गंगाधर टिळकांनी ‘केसरी’तून, हीच संहिता सोप्या मराठीत लोकांस समजावून सांगितली. त्यांत नवे असे कांही नव्हते; सरकारच्याच नियमाप्रमाणे सरकारने वागावे, एवढेच मागणे होते. तरीही १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. नियम वाचून दाखविणे हेही कधी कधी किती जड जाते, याचे हे उदाहरण आहे.

संहिता असून ती न वापरल्यास काय होते, हे १९४३ साली बंगालने दाखविले. युद्ध चालू होते, ब्रह्मदेशातील तांदूळ बंद झाला होता, भाव भडकले होते; तरी बंगाल सरकारने संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर केलाच नाही. कारण जाहीर केला असता ठराविक शिधा देण्याचे बंधन आले असते. सर जॉन वुडहेड यांच्या आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. एका घोषणेच्या अभावाची ही किंमत होय.

याच्या उलट चित्र महाराष्ट्राने १९७२-७३ साली पाहिले. पाऊस एकामागून एक वर्षे कमी झाला होता व पीक बुडाले होते. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंधारे, रस्ते, खडी. कामावर सुकडी, आणि दुकानात परदेशचा तांबडा मिलो. त्या मिलोची चव आजही वृद्ध माणसे नाक मुरडून सांगतात, पण ती सांगण्यास ती माणसे उरली हेच त्या कामाचे यश होय. या अनुभवावर वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना उभी राहिली. महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्यास काम, आणि काम न दिल्यास भत्ता, हे त्याचे सूत्र. येथे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे कलम आहे. या हमीचा खर्च शहरातील व्यवसाय, व्यापार व नोकऱ्या यांवरील कर, आणि बागाइती जमिनीवरील जादा आकारणी अशा मार्गांनी उभा करण्यात आला, व तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. म्हणजे या योजनेचा पैसा आपण दिलेला आहे. तो योग्य ठिकाणी जातो की नाही हे पाहण्याचा आपला अधिकार तिजोरीत घातलेल्या त्या पैशातूनच आलेला आहे.

२००५ साली केंद्राने सर्व देशासाठी वर्षास १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा संमत करून दिवसांची संख्या १२५ ठरविली. कायद्याचे नाव व आकडे बदलतात, परंतु अर्ज, पावती, काम व मजुरी ही साखळी कायम आहे. तिचा कोणताही एक दुवा तुटला तर बाकीचे दुवे शोभेचे ठरतात.

घोषणेस उशीर का लागतो?

दुष्काळ आहे की नाही हे ठरविण्याची आपल्याकडील जुनी रीत म्हणजे आणेवारी, हल्लीच्या भाषेत पैसेवारी. चांगल्या वर्षाचे प्रमाणित उत्पन्न रुपया धरावयाचे, व यंदाचे पीक त्याच्या किती पैसे आहे ते काढावयाचे. ५० पैशांहून कमी भरले म्हणजे गाव टंचाईचे. प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि शेवटी पीक कापून अंतिम. खरिपाची ही शेवटची पायरी येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी दिलेल्या निकालात बिहार, गुजरात व हरियाणा या राज्यांनी दुष्काळाची कबुली देण्यात दाखविलेल्या अनिच्छेचा समाचार घेतला, आणि केंद्रास नियमावली सुधारण्याची आज्ञा केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवी नियमावली निघाली. तीत पर्जन्यमान, पावसातील खंड, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ, जमिनीतील ओल व जलाशयांतील पाणी अशा खुणा घालण्यात आल्या, आणि खरिपाची घोषणा ऑक्टोबरअखेर व्हावी असे सुचविण्यात आले. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली १५१ तालुक्यांत, व २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो दोन्ही वेळां ३१ ऑक्टोबरास.

शास्त्र सुधारले हे खरे, परंतु त्याबरोबर एक नवी अडचणही आली. २०१६ च्या नियमावलीप्रमाणे दुष्काळ ‘गंभीर’ ठरला तरच केंद्राच्या निधीतून साहाय्य. ‘मध्यम’ ठरल्यास भार एकट्या राज्यावर. म्हणजे एका शब्दाच्या पालटाने शेकडो कोटींचे देणे कोणाचे हे ठरते. जेथे शब्दास एवढी किंमत येते तेथे तो उच्चारण्यापूर्वी प्रत्येक कचेरी दुसऱ्या कचेरीकडे पाहते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. ज्या घोषणेने देणे उत्पन्न होते ती घोषणा देणेकरी लांबवितो, हा स्वभाव आपण आपल्या व्यवहारातही पाहतो.

आता गावच्या पंचांगाशी हे जुळवून पाहा. पावसाने पाठ फिरविली हे श्रावणात कळते. बैलपोळा श्रावणी अमावास्येस, दिवाळीची अमावास्या आश्विनाची; दोहोंमध्ये दोन महिने. घोषणा होते ती दिवाळीच्या आगेमागे. या दोन महिन्यांत मजुरी बुडालेले कुटुंब काय करते? प्रथम शेळी विकते. मग गाय बाजारी नेते. पण त्या दिवशी सर्वांच्याच गाई बाजारी आलेल्या असतात, म्हणून ती मातीमोल जाते. मग मंगळसूत्रातील मणी गहाण पडतात. शेवटी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको कोयता म्हणून आपले नाव लावतात, व मुलाबाळांसह साखर कारखान्याच्या वाटेस लागतात. सरकारचे काम गावात निघते तेव्हा ज्यासाठी ते निघाले तो गावात नसतो. आणि कामावर मजूर आले नाहीत, सबब येथे टंचाई नाही, असा शेरा कागदावर पडण्यास जागा होते. तहान लागल्यावर विहीर खणणे वाईट. तहानलेला निघून गेल्यावर ती खणणे त्याहून वाईट.

घोषणेनंतर कोणास काय मिळते?

घोषणा झाली म्हणजे महाराष्ट्रात साधारणतः आठ सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट. सहकारी कर्जांचे पुनर्गठन. शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती. कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्काची माफी. रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता. आवश्यक तेथे पिण्याच्या पाण्याचे टँकर. आणि टंचाईच्या गावांत शेतीच्या पंपांची वीज न तोडणे.

या सर्व योग्यच आहेत. तथापि त्या एकेक मोजून पाहाव्यात अशी आमची जमीनदार गृहस्थांस नम्र विनंती आहे. महसूल ज्यास जमीन आहे तो भरतो. पीककर्ज ज्याच्या नावे उतारा आहे त्यास मिळते. पंप ज्याची विहीर आहे त्याचा. आठांपैकी पाच सवलती जमिनीच्या मालकीस चिकटलेल्या आहेत. परीक्षा शुल्क वगळले तर भूमिहीनास उरते काय, तर टँकरचे पाणी व कामाची हमी. बटाईने जमीन कसणाऱ्याची स्थिती याहून चमत्कारिक असते. बियाणे त्याचे, श्रम त्याचे, बुडाले तेही त्याचे. परंतु उताऱ्यावर नाव मालकाचे, म्हणून नुकसानीचे अनुदान मालकाच्या खात्यात जमा होते. नवऱ्याच्या पश्चात शेत करणाऱ्या ज्या स्त्रीचे नाव अद्याप वारसनोंदीत चढलेले नाही तिचीही हीच गत. कायद्याने हे मुद्दाम केलेले नाही. कायद्यास माणूस दिसतो तो दप्तरातून, आणि ज्याचे नाव दप्तरात नाही तो त्यास दिसत नाही.

हमीच्या कामाचेही एक गुह्य येथे सांगितले पाहिजे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते न मिळाल्यास भत्ता, असे कलम आहे; पण हे १५ दिवस मोजावयाचे कोठून? अर्जाच्या तारखेपासून. आणि अर्जाची तारीख सिद्ध होते पावतीवरून.  एका गावी आमच्या कार्यकर्त्यांस असे आढळले की, बायांनी काम मागण्यासाठी तीन वेळां खेटे घातले. प्रत्येक वेळी ‘काम निघाले की सांगू’ असे उत्तर मिळाले. अर्ज कोणी लिहून घेतला नाही व पावती कोणी दिली नाही. दप्तर पाहिले असता त्या गावातून कामाची मागणीच नव्हती. आम्ही अर्ज लिहून, तारखेसह पोच घेऊन दिली, तेव्हा मागणी दप्तरात अवतरली व काम निघाले. त्यास समितीचा खर्च आला तो कागदाचा व एका माणसाच्या प्रवासाचा. अन्नछत्रास जेवढा खर्च येतो त्याच्या शतांशातही एवढे काम क्वचितच होते.

मग समितीने काय करावे, आणि काय करू नये?

लोकांच्या वर्गणीने काय करावे हा प्रश्नही जुनाच आहे. १८९७ च्या दुष्काळात देशभर जो धर्मादाय निधी जमला त्याचे उद्देश चार ठरले होते: सरकारी शिध्यास वृद्ध, रुग्ण व बालके यांच्यासाठी पूरक मदत, निराधार मुलांचे पालन, उघड्यावर हात पसरण्यापेक्षा मरण पत्करील अशा अब्रूदार गरिबांस साहाय्य, आणि सर्वस्व गमावलेल्या शेतकऱ्यास बी व बैल देऊन पुन्हा पायावर उभे करणे. जगविण्याचा मुख्य भार सरकारचा, व त्याच्या कडेने राहिलेल्या फटी भरणे लोकांचे, ही वाटणी आम्हांस आजही ग्राह्य वाटते. तिला अनुसरून समितीने आपले काम चार कलमांत बांधले आहे.

पहिले, अर्ज व पावती. पाऊस लांबताच ज्या गावांत मागणी आहे तेथे लिहिता-वाचता येणारा कार्यकर्ता बसवून कामाचे, शिधापत्रिकेचे व वारसनोंदीचे अर्ज लिहून देणे, पोच घेणे, आणि मुदत टळल्यास वकिली साहाय्य विनामूल्य देणे.

दुसरे, मजुरीवर उसनवार. काम निघाले तरी मजुरी खात्यात येण्यास आठवडे लागतात, आणि दुकानदार तेवढे थांबत नाही. हजेरीपटावरील कामाचा आधार धरून बिनव्याजी रक्कम आगाऊ द्यावयाची, व मजुरी आली म्हणजे ती परत घ्यावयाची. हा पैसा फिरता राहतो. एकदा दिलेली वर्गणी एका हंगामात अनेकदा उपयोगी पडते.

तिसरे, दावणीचे एक जनावर. छावणी निघाली तरी तेथे जनावरापाशी माणूस राहावा लागतो, आणि ज्याचे पोट मजुरीवर आहे त्यास ते परवडत नाही. त्याची एक गाय अथवा दोन शेळ्या घरीच जगाव्यात म्हणून कडबा पोहोचविणे.

चौथे, पुढील मृगासाठी बियाणे, ज्यांस उताऱ्याअभावी कोठलेही कर्ज मिळत नाही त्यांस.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. टँकर चालविणे व छावणी उघडणे ही सरकारची कामे होत. ती आपण होऊन समिती करणार नाही. प्रथम जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करण्यात येईल व उत्तराची वाट पाहण्यात येईल. परंतु प्राणावरच बेतले आणि उत्तर आले नाही, तर तत्त्वाच्या नावाखाली माणसे तहानलेली ठेवणे आम्हांस मान्य नाही. अशा प्रसंगी समिती पाणी देईल, मात्र ते देताना, हे काम सरकारचे असून त्याच्या अभावी आम्ही केले, अशी लेखी नोंद खर्चाच्या आकड्यासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवील व येथील अहवालात छापील. व्यापारी लोक वादग्रस्त रक्कम ‘हक्क राखून’ भरतात, ती रीत आपणांस परिचित आहे. समिती दान देईल तेही गरिबांचा हक्क राखून देईल. मग आपल्या वर्गणीमुळे सरकारास सबब मिळाली, असे कोणास म्हणता येणार नाही. उलट आपली प्रत्येक पावती हा सरकारच्या बाकीचा एकेक दाखला होईल.

आपणांस विनंती

व्यापारी गृहस्थांस आमचे मागणे दोन प्रकारचे आहे. वर्गणी द्यावी ती मृगापूर्वी, कारण पोळ्याच्या सुमारास हाती असलेला रुपया माघातील अनेक रुपयांचे काम करतो. आणि रब्बीची ज्वारी निघाल्यावर कडबा स्वस्त असतो तेव्हा तो घेऊन ठेवण्यास आपल्या वखारीतील एखादा कोपरा द्यावा. उन्हाळ्यात त्याच पेंढीचे भाव काय होतात हे आपणांस सांगणे नको. टंचाईच्या दिवसांत समितीस धान्य व कडबा खरेदीच्या भावाने, वर केवळ वाहतूक धरून, द्यावा, एवढी सवलतही आम्ही मागतो.

जमीनदार व बागाइतदार गृहस्थांस पैशापेक्षा अधिक मोलाचे मागावयाचे आहे. आपली जमीन जो बटाईने करतो त्यास, यंदा हे शेत याने केले, एवढी एक ओळ लिहून द्यावी. आणि अनुदान आपल्या खात्यात आल्यास ज्याचे बुडाले त्यास त्याचा वाटा द्यावा. अशा ओळीने आपली मालकी जाईल अशी भीती पुष्कळांस वाटते. ती घालविण्यासाठी एका हंगामापुरत्या, मालकीस बाध न येणाऱ्या चिठ्ठीचा मसुदा समितीच्या वकिलांनी तयार केला आहे. तो कोणासही विनामूल्य मिळेल. दुसरे असे की, गावची पैसेवारी ठरविताना आपणांपैकी अनेक गृहस्थ पंच म्हणून उभे असतात. पीक कापून पाहण्यास पाण्याखालचे शेत निवडले की सबंध गाव ५० पैशांच्या वर जाते, आणि कोरडवाहू शेजाऱ्याचा घास जातो. तेथे खरे शेत दाखविणे ही लाखाच्या देणगीहून मोठी देणगी आहे, व तिला खर्च कांही नाही.

इतर आश्रयदात्यांस एवढेच निवेदन की, समितीची प्रत्येक जमा पावतीने घेतली जाते व प्रत्येक खर्च गाव आणि कलम दाखवून छापला जातो. मदत घेणाऱ्याचे नाव मात्र आम्ही छापीत नाही, व त्याचे छायाचित्र काढीत नाही. आपण दिलेल्या पैशाचा हिशेब आपणांस मागता यावा. घेणाऱ्याने आपली अब्रू त्या हिशेबात घालावी, हे योग्य नाही.

दुष्काळ पुन्हा येणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. केव्हा येईल हे कोणास ठाऊक नाही. पण आला म्हणजे पोळा व दिवाळी यांमधील दोन महिने कोणाच्या दारी कसे जातील हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. त्या दोन महिन्यांची तरतूद आजच करून ठेवावी, अशी समितीची आपणांस विनंती आहे. वर्गणी समितीच्या खजिनदारांकडे भरून पावती घ्यावी.

समितीच्या वतीने,
चिटणीस